पहाटेची गाणी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या संमेलनात दिलेले भाषण)



महोत्सव-समितीने आम्हांस जो विषय दिला तो असा: ‘आपल्या आवडीची पहाटेची गाणी व त्यांच्या आठवणी.’ आम्ही गवई नव्हे. संगीतशास्त्राचे जाणते तर मुळीच नव्हे. उभा जन्म शाळेत भूगोल व मराठी शिकविण्यात गेला. तेव्हा रागांची नावे व सुरांची चिकित्सा आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. ज्या गाण्यांनी लहानपणी आम्हांस जागे केले, त्यांविषयीच काय ते चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यांतील एका गाण्याविषयी थोडे अधिक.

आपल्या मराठी भाषेत पहाटेच्या गाण्यांचे कुळ मोठे आहे. भूपाळी आहे, काकड आरती आहे, मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवीत येणाऱ्या वासुदेवाची गाणी आहेत, आणि जात्यावरची ओवी आहे. ही सर्व एकाच वेळेची असली तरी एकाच जातीची नव्हेत, असे आम्हांस वाटते. भूपाळी ही कोणास तरी उठविण्याकरिता असते. देवाला म्हणा, की घरातल्या लेकराला म्हणा, ‘ऊठ’ म्हणून सांगणे हे तिचे काम. ओवी कोणालाच उठवीत नाही. घरातील सारी माणसे निजलेली असताना जी एकटी जागी असते, तिने स्वतःच्या हाताला बळ यावे म्हणून म्हटलेले ते गाणे होय. ते कोणी ऐकावे अशी तिची अपेक्षा नसते. आणि कोणाच्या अपेक्षेवाचून जे आमच्या कानी पडले, तेच आयुष्यभर कानात राहिले, हा आमचा अनुभव आहे.

आमचे बालपण उत्तर वसईच्या एका वाडीत गेले. काळ १९५० ते १९६० च्या दरम्यानचा. घड्याळ घरात एकच होते व ते बहुधा बंद असे. तथापि वेळ कळण्यास अडचण पडत नसे, कारण पहाटेचे आवाज ठरलेल्या क्रमाने येत. सर्वांआधी जाते. मग देवळाची घंटा. मग केळीच्या व पानवेलींच्या बागांतून रहाटाची करकर आणि रहाटावर बसलेल्या गड्याचे लांबविलेले सूर. त्यानंतर फुले, भाजी व केळी घेऊन पहिल्या गाडीसाठी स्टेशनाकडे निघालेल्या मंडळींच्या हाका. दूधवाले त्यांच्याही पुढे गेलेले असत. मुंबईची सकाळ आपल्या वसईच्या पहाटेवर चाले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जाते आमच्या ओटीला लागून असलेल्या खोलीत असे. आजच्या मुलांस ते ठाऊक नाही, म्हणून सांगतो. दोन वाटोळे दगड, एकावर एक; वरच्यास मध्ये तोंड, व कडेला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा धरून फिरवावयाचे व दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरावयाचे. पीठ चहूंकडून पाझरते. दगड गुळगुळीत झाले म्हणजे दळण भरड येऊ लागते. मग टाकी लावणारा येऊन त्यांस पुन्हा खरबरीत करून जाई, व त्या दिवशी पहिले पीठ टाकून द्यावे लागे, कारण त्यात दगडाची कच येई. आपल्याकडे रोजची भाकरी तांदळाची; घरात माणसे चौदा; तेव्हा दळण थोडेथोडके नसे. आमच्या मातोश्री व थोरली काकी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातांत असे, आणि जाते दोघींच्या मध्ये फिरे. एकीने ओवीचा पहिला भाग म्हणावा, दुसरीने तो उचलून पुरा करावा. फेऱ्याला जेवढा श्वास लागतो तेवढीच ओळ. दाणे कमी असले की जाते हलके होई व ओवी घाईत म्हटली जाई. मूठ भरून वैरली की ओवी संथ होई. काव्यशास्त्रात ओवीच्या चरणांचे जे नियम सांगितले आहेत ते आम्ही पुढे शाळेत शिकविले खरे. परंतु तो छंद कोठून आला हे आम्हांस त्या खोलीच्या भिंतीपलीकडे निजूनच कळले होते.

ओव्यांचाही एक क्रम असे. पहिली देवाघरची. आमच्या घरी ती मरियामातेला अर्पण होई. शेजारच्या हिंदू आळीत ती विठोबाला किंवा गावदेवीला. दुसरी माहेरच्या आईबापांची. मग भावाची, आणि भावाच्या ओव्या सुरू झाल्या म्हणजे त्या लवकर संपत नसत. कोणाचा भाऊ मुंबईच्या गोदीत, कोणाचा गिरणीत, कोणाचा बोटीवर. सासूविषयीच्या ओव्या ती जागी होण्यापूर्वी आटोपून घेत, हे आम्हांस बऱ्याच उशिरा उमगले!

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपण ख्रिस्ती लोकांनी ओवी कोणाकडून उसनी घेतली आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांनी ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले तेव्हा छंद निवडला तो ओवीचा. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्याच्या दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. पोथीतली ओवी व जात्यावरची ओवी यांत भेद आहे, हे आम्ही जाणतो. परंतु दूर देशाहून आलेल्या त्या विद्वानाने या लोकांच्या कानात आधीच कोणते मोजमाप बसलेले आहे हे ओळखले, यात त्याची मोठी थोरवी आहे.

जाते थांबे तेव्हा देवळाची घंटा होई. तीन ठोके, मग विराम, पुन्हा तीन, पुन्हा विराम, पुन्हा तीन, आणि त्यानंतर सलग नऊ. आंजेलुसची ही घंटा गाणे नव्हे असे कोणी म्हणेल, पण आम्हांस ती गाण्याहून निराळी वाटली नाही. जात्याजवळून उठलेल्या दोघी जणी हातांचे पीठ न झटकता तशाच उभ्या राहून प्रार्थना म्हणत. त्यांच्या कपाळावर, क्रुसाची खूण करताना, पिठाचा ठिपका उमटे. आम्ही भावंडे तो पाहण्यासाठी मुद्दाम डोळे किलकिले करून पडून राहत असू.

घंटांवरून आठवले. नाशिकास गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे, व त्याच्या तटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर १७२१ हे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची आठवण म्हणून ही पोर्तुगीज घंटा तेथे गेली. आम्ही तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने नाशिकास गेलो असता तिच्याखाली बराच वेळ उभे होतो. ही कोणत्या गावच्या लोकांस पहाटे उठवीत असेल, या विचाराने आम्हांस त्या परक्या शहरात घरच्यासारखे वाटले. असो.

देवळातील पहाटेच्या मिस्सेची गाणी त्या काळी लॅटिनमध्ये असत. गायकवृंद व फिडलवाले वरच्या सज्जात. खाली बायाबापड्या हातांत रोझरी घेऊन आपापल्या प्रार्थनेत. शब्द कोणास कळत नसत, तरी चुकत मात्र नसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि पुढील काही वर्षांत मिस्सा मराठीत होऊ लागली. मराठी गीत देवळात प्रथम ऐकले त्या दिवशी आमच्या मातोश्री घरी येऊन म्हणाल्या, “आज देवाला पण कळलं असंल.” यात लॅटिनचा अनादर नाही; ते सूरही आम्हांस अद्याप प्रिय आहेत, व आपल्यांतील वृद्ध मंडळींस ते म्हणावयास लावले तर ते एकही अक्षर न गाळता म्हणतील.

आता रेडिओ. आमच्या घरी तो १९५७ मध्ये आला व भिंतीतील देवळीत, पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, बसला. सकाळी भक्तिगीते लागत. त्यांत आमच्या वडिलांचे आवडते गाणे एकच: होनाजीची ‘घनःश्याम सुंदरा’ ही भूपाळी. व्ही. शांताराम यांच्या १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटामुळे, वसंत देसाई यांच्या चालीवर, ती घराघरांत पोहोचली होती. पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांचे आवाज. वडील चित्रपट पाहणारे नव्हते, व श्रीकृष्णाच्या भूपाळीशी त्यांचा धर्माने संबंध नव्हता. पण आमच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या, आणि त्या गाण्यात पहाट कशी येते तर हातात भांडे घेऊन धार काढणाऱ्यांबरोबर आणि हंबरणाऱ्या गाईंबरोबर येते. होनाजी स्वतः गवळी होता हे त्यांना कोणी तरी सांगितले होते. “तरीच वेळ बरोबर आहे,” असा अभिप्राय त्यांनी दिला, व पुढे कित्येक वर्षे ते गाणे लागले की गोठ्यातून ओरडून रेडिओ मोठा करावयास सांगत. वडिलांस जाऊन आज पुष्कळ वर्षे झाली. ती भूपाळी लागली की आम्हांस दुधाचा फेस व ओल्या पेंढ्याचा वास येतो. श्रीधराचे दर्शन ज्यांस घडते त्यांस घडो.

परंतु रेडिओबरोबर एक बदल झाला. पहाटेचे गाणे म्हणावयाचे राहिले आणि ऐकावयाचे झाले. त्याच सुमारास आमच्या नाक्यावर विजेची पिठाची गिरणी सुरू झाली. चौदा माणसांचे दळण अर्ध्या तासात होऊ लागले. जाते प्रथम सणावारापुरते, मग डाळ भरडण्यापुरते राहिले, आणि शेवटी अंगणात विहिरीपाशी जाऊन पडले. ‘लोक आपली गाणी विसरले’ अशी हळहळ व्याख्यानांतून पुष्कळ ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. कोणी काही विसरले नव्हते. गाणे ज्या कामाच्या अंगावर वाढले होते ते काम गेले. आणि ते गेले याचे वाईट वाटून घेण्याचा अधिकार ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांस नाही. गिरणी आली त्या आठवड्यात काकी आपले दोन्ही दंड चोळीत म्हणाली होती, “मरियामातेनं ऐकलं गो बाई.” ओवीचे गोडवे गाताना त्या दंडांची आठवण ठेवावी.

१९९० च्या मे महिन्यात, शाळेस सुटी असताना, आम्ही एक वही घेऊन थोरल्या काकीपाशी गेलो. त्या वेळी ती ऐंशी वर्षांची होती. मातोश्री आधीच देवाघरी गेल्या होत्या. ओव्या उतरून घ्याव्या असा हेतू. काकी ओटीवर खुर्चीत बसली, बराच वेळ आठवीत राहिली, आणि पहिल्या दोन ओव्यांपलीकडे तिला एक शब्द सुचेना. आम्ही वही मिटणार, तोच ती म्हणाली, “अरे, खुर्चीत बसून कुठं ओवी येते? हाताला खुंटा लागतो.” तेव्हा पुतण्यांनी विहिरीजवळचे जाते उचलून आणले, धुतले, सुताराकडून नवा खुंटा ठोकून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकी खाली बसली. समोर आमची पत्नी बसली, कारण एकटीने ते फिरेना. पाच-सहा फेरे नुसतेच झाले. मग ओवी आली. आणि ती आली ती अशी की आमची लेखणी मागे पडू लागली. तीन पहाटांत अठ्ठावन्न ओव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी एका ओवीपाशी आम्ही तिला थांबविले. ती ओवी आम्ही लहानपणी भिंतीपलीकडून शेकडो वेळा ऐकलेली होती. तीत मोगऱ्याची एक कळी होती, जी उमलण्याआधी वाऱ्याने नेली, व जिचे नाव देवळाच्या पुस्तकात लिहिले आहे. घरात सर्वांनी ती फुलाचीच ओवी समजली होती. आम्ही सहज विचारले, “काकी, कळीचं नाव देवळाच्या पुस्तकात कसं?” काकीने खुंटा सोडला नाही. तिने एक मुलीचे नाव सांगितले. आमचे थोरले चुलत बंधू तेथेच दाराशी उभे होते. त्यांचे वय त्या वेळी सत्तावन्न. ते स्वतःस घरातले पहिले अपत्य समजत आले होते.

पुढे आम्ही दोघे धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी कृपाळूपणे जुनी नोंदवही काढून दिली. १९३१ सालच्या पानावर त्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, आणि दुसऱ्या वहीत, सात आठवड्यांनंतरची, तिच्या दफनाची. बंधूंनी ती ओळ बोटाने दोनदा वाचली. घरी आल्यावर त्यांनी आईला विचारले, “इतकी वर्षं कधी सांगितलं नाहीस?” त्यावर काकीने दिलेले उत्तर आमच्या वहीत त्या ओवीखाली लिहिलेले आहे. ती म्हणाली, “रोज सांगितलं की. जात्यावर.”

त्यावर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आमच्या कुटुंबाच्या मेणबत्त्यांत एक अधिक लागली, ती आजतागायत लागते. मातोश्रींस ते ठाऊक असलेच पाहिजे. समोर बसून ती ओवी उचलून पुरी करणाऱ्या त्याच होत्या.

बंधुभगिनींनो, जे आमच्या घरी घडले ते काही एकाच घरचे नव्हे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी जात्यापाशी, शेतात, चुलीपाशी झाली. त्यांचे पुत्र सोपानदेव व एक नातलग यांनी ती कागदावर उतरून ठेवली, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यावर, १९५२ मध्ये, ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापून निघाली. ते कागद नसते तर मराठीतील एक श्रेष्ठ कवयित्री एका घराबाहेर कोणास ठाऊक झाली नसती. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’ या पुस्तकात बायकांच्या ओव्या जमविल्या त्या मोठ्या जिव्हाळ्याने. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हेमा राईरकर व फ्रान्सहून येथे येऊन राहिलेले गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ, मूळ आवाजासह, ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून सर्वांस ऐकावयास खुल्या केल्या आहेत. आम्ही त्या ऐकतो. मुळशीच्या डोंगरातील कोणी माता भावाची ओवी म्हणते आणि आम्हांस आमच्या ओटीमागची खोली दिसते. चाल निराळी, बोली निराळी, आणि जात्याची घरघर तीच.

मात्र आपल्या वाड्यांतील ओव्या त्या संग्रहातून मिळावयाच्या नाहीत. त्या येथेच आहेत, आणि किती दिवस आहेत ते सांगता येत नाही. समितीच्या तरुण मंडळींनी घरोघर जाऊन चौकशी केली, तेव्हा ओव्या येणाऱ्या पाच माता आपल्या धर्मग्रामात निघाल्या. सर्वांत वडील आहेत त्यांचे वय चौऱ्याण्णव. त्यांतील तिघी म्हणतात, आम्हांला काही आठवत नाही. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की खुर्चीत बसून आठवणारही नाही. काकीचे जाते आम्ही शाळेच्या पडवीत आणून ठेविले आहे. टाकी लावणारा आता आपल्याकडे मिळत नाही, म्हणून एका पाथरवटास विनंती करून दगड खरबरीत करून घेतले. पहिले पीठ टाकून दिले आहे. दर बुधवारी पहाटेच्या मिस्सेनंतर आम्ही तेथे वही घेऊन बसतो, व ध्वनिमुद्रणाची व्यवस्था तरुणांनी केली आहे. येणाऱ्या मातेबरोबर समोर बसावयास घरची एखादी सून वा नात अवश्य यावी, आणि येताना मूठभर तांदूळ आणावे. रिकामे जाते फिरविले तर दगड झिजतात.